मागणी करून उपटवलेले चार दात

माझ्या तोंडातले चार निरोगी दात मी स्वतः मागणी करून उपटवून घेतले. घेराव घालून, घोषणा देऊन. हे वाक्य लिहिताना अजून हात अडखळतो, पण सुरुवात दुसऱ्या कशानं केली तर ती लबाडी होईल.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, कारखान्याच्या फाटकासमोर सभा घेते. वय सव्वीस. गाव करमाळ्याकडचं, राहते थोरल्या भावाकडे. आजारातलं मला तेवढंच कळतं जेवढं माझ्या उजव्या गालानं शिकवलं. दाढ काढूनही ज्याची दाढ दुखतेच आहे, त्यानं पुढची दाढ काढवण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी हा कागद.

टाळ्या

दुष्काळ सरून दुसरं वर्ष. फाल्गुनातली दुपार, कोरडा वारा सुटलेला. फाटकासमोर स्टुलावर उभी राहून मी बोलत होते. कारखान्यातला तपासनीस बायकांनी वळून आणलेल्या विड्यांतून मूठ मूठ विड्या 'खराब' म्हणून बाजूला टाकतो, त्यांची मजुरी कापतो आणि मग त्याच विड्या बंडलात घालतो, त्याबद्दल.

"बायांनो, तुमच्या बोटांनी वळलेली विडी तो..."

एवढंच बोलले आणि उजव्या जबड्यात वीज शिरली. लहानपणी एकदा शेजारच्या यंत्रमागाच्या खोलीत उघड्या तारेला हात लागला होता, अगदी तसंच. फक्त ते हाताला झालं होतं. हे दाढेच्या मुळातून निघालं आणि कानापर्यंत गेलं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मोजून चार-पाच श्वास, आणि संपलं. जणू काही झालंच नव्हतं.

बायकांना वाटलं मला गहिवरून आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या!

आयुष्यात एवढ्या टाळ्या मला कधी पडल्या नव्हत्या. मी स्टुलावर पुतळ्यासारखी उभी. पुढचा शब्द उच्चारायची छाती होईना. कारण मला कळलं होतं की शब्द उच्चारला तर ते पुन्हा येईल. उच्चारला. आलं.

घरी येऊन बोटानं दाढ चाचपली. तिथंच होतं, पक्कं तिथंच. तोंडात दुखलं की दात, हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. दाढ किडली असणार. काढून टाकू.

चिठ्ठी

विडी कामगारांच्या वस्तीला लागून एक धर्मादाय दवाखाना आहे. आठवड्यातून तीन दिवस दातांचे डॉक्टर येतात. पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणारे. दात कोरायचं यंत्र पायानं चालवायचं, शिवणयंत्रासारखं.

त्यांनी आरसा घालून पाहिलं. दाढेवर हत्याराच्या दांड्यानं टकटक केलं.

"दुखतं?"

"नाही."

"या शेजारच्या?"

"नाही."

"मग दुखतं कधी?"

"बोलताना. वारा लागला की. चूळ भरताना."

"किती वेळ?"

"क्षणभरच. पण जीव जातो हो!"

त्यांनी आरसा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "दाढ शाबूत आहे. मी काढणार नाही." इंग्रजीत चार ओळी खरडल्या आणि कागद पुढे केला. "सिव्हिलला जा. औषधाच्या विभागात, म्हणजे मेडिसिनला दाखवा. दुखणं दातात वाटतंय, पण दाताचं नसावं."

नसावं! माझं डोकं फिरलं.

का फिरलं ते सांगितलं पाहिजे. आमच्या बायकांना आयुष्यभर चिठ्ठ्याच मिळतात. या खिडकीतून त्या खिडकीकडे. इथे छाप मारून आणा, तिथे सही आणा, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. माझ्या डोळ्यांदेखत खोकणारी बाई तीन दिवस अशी टोलवली गेली होती. टोलवाटोलवी मी वासावरून ओळखते, अशी माझी घमेंड होती. दात दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरकडे आलेल्या बाईला औषधाच्या रांगेत पाठवतात, ही टोलवाटोलवी नाही तर काय?

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'दुखतो दात, हातात चिठ्ठी!' खाली लिहिलं, 'पैसेवाल्याचा दात लगेच निघतो. कामगार बाईला मात्र कागद. दुखरा दात काढून घेणं हा आमचा हक्क आहे!' डॉक्टरांची चिठ्ठी पुरावा म्हणून संघटनेच्या फायलीत लावली. ती कुणी वाचली नाही. आमच्यात इंग्रजी वाचणारी मीच, आणि डॉक्टरी अक्षर मला लागलं नाही. लावायचा प्रयत्नही केला नाही. पुराव्याला वाचायचं कशाला?

व्हरांड्यात सुपं

विडीवाल्या बाईला रिकामं बसणं परवडत नाही. त्यामुळे आमचा घेराव इतरांसारखा नसतो. बायका तंबाखूची आणि कापलेल्या पानांची सुपं घेऊनच येतात. मांडीवर सूप, तोंडात घोषणा, बोटं चालूच. तीसेक बायका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या. आत जायला पाय ठेवायची जागा उरली नाही.

"कोण म्हणतो काढत नाही?"

"काढल्याशिवाय जात नाही!"

घोषणा देणं मला शक्य नव्हतं, प्रत्येक शब्दाला झटका. म्हणून मी नुसती मूठ वर करत होते आणि लक्ष्मव्वा ओरडत होती. लक्ष्मव्वा म्हणजे आमच्या संघटनेचा कणा. साठीची तेलुगू बाई, नवरा हातमागावर, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा.

दुपारी दवाखान्याचे व्यवस्थापक घाम पुसत आत गेले. दोघांचं काय बोलणं झालं ते कळलं नाही. डॉक्टर दारात आले आणि मला म्हणाले, "चला, बसा खुर्चीत. पण मी नको म्हणत होतो, एवढं लक्षात ठेवा."

"ठेवीन की," मी म्हटलं. ऐटीत.

दाढ निघाली. त्यांनी ती चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडाकडे केली. "बघा. ठिपकासुद्धा नाही."

मी बघितलं नाही. कापूस दाबून बाहेर गेले. लक्ष्मव्वानं दाढ मागून घेतली, सुपातल्या विड्यांच्या शेजारी ठेवली आणि ते सूप बायकांतून फिरलं. एकेकीनं पाहिलं. एकीनं हात जोडले. जिंकलो होतो आम्ही!

आठ दिवस गाल गप्प राहिला. नवव्या दिवशी चूळ भरताना वीज पुन्हा पडली. या वेळी शेजारच्या दाढेत.

हे दुखणं मधूनच आपोआप थांबतं आणि मनाला येईल तेव्हा परततं, हे मला पुढे कळलं. दाढ काढल्यावर थांबलं तर माणूस म्हणतो, दाढच होती. इथेच तो फसतो. मी एकदा नाही, चारदा फसले.

दुसऱ्या वेळी घेरावाची गरज पडली नाही. डॉक्टरांनी आरसासुद्धा उचलला नाही. नुसतं विचारलं, "कुठली?" मी बोट दाखवलं. तिसऱ्या वेळी तेच. चौथ्या वेळी वरच्या जबड्यातली. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट वाटलं, आता कसा सरळ आला!

घरातले

सहा महिन्यांत माझा चेहरा दोन भागांत वाटला गेला. डावा भाग माणसाचा. उजवा भाग कुणाचाच नाही. त्याला पाणी लावता येईना, उजव्या भांगाला कंगवा लावता येईना. ओठाच्या कोपऱ्याला पदराचं टोक घासलं तरी मी जमिनीवर बसत असे. पंखा बंद, खिडकी बंद, आणि सोलापूरचा उन्हाळा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेली मी, ताकात भिजवलेला भात डाव्या बाजूनं गिळायला लागले. तोही गिळताना घाम फुटायचा.

दादा रेल्वेत. आठवड्यातले चार दिवस कुर्डुवाडीला वर्कशॉपमध्ये. घरी आला की माझ्याकडे बघायचा आणि वहिनीशी बोलायचा, जणू मी ऐकतच नाही. "आधीच पोरीनं पुढारीपण केलंय. आता तोंडात दात नाहीत. कोण करून घेणार हिला?"

वहिनी माळशिरसकडची. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण मला रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हणते. ती फटकन म्हणाली, "करून न्हाय घेतलं तर न्हाय घेतलं. हितं ऱ्हातील. तुमचं काय खात्यात? भात तर खाईनात."

पहिल्यांदा तिनं माझी दृष्ट काढली. मिरच्या ओवाळल्या, त्या चुलीत टाकल्या. त्या धुरानं मला शिंक आली आणि शिंकेनं जो झटका आला त्यात मी आडवीच झाले. त्यानंतर तिनं दृष्ट हा विषय सोडला आणि डोकं लावलं. माझ्या लक्षात आलं नव्हतं ते तिच्या आलं होतं. मला बोलायला लावू नये. आल्यागेल्याला ती दारातच सांगायची, "त्यांना इचारायचं तर मुंडी हलवता येईल असं इचारा. व्हय का न्हाय. दुसरं कायबी इचारू नका." शेजारणी हसायच्या. मला त्या हसण्याचंसुद्धा काही वाटेना. कुणीतरी माझे शब्द वाचवत होतं.

एक गोष्ट लपवणार नाही. एका दुपारी लागोपाठ झटके आले, किती ते मोजता आलं नाही. आणि मनात सरळ विचार आला की हे असंच असेल तर जगायचं नाही. मी घाबरले ते त्या विचारानं नाही, तो किती शांतपणे आला त्यानं. बोलणं टाळायला जवळ ठेवलेली पाटी मी ओढली आणि तिच्यावर लिहून वहिनीला दाखवलं. तिनं वाचलं, पुसलं, आणि शेजारी बसून राहिली. पुढचे कित्येक दिवस ती मला एकटीला घरात ठेवून कुठे गेली नाही. ज्याला असा विचार येईल त्यानं तो कुणाला तरी दाखवावा. मनात ठेवू नये. लाज वाटायचं कारण नाही, हे दुखणंच तसलं आहे.

बोळकं

शेवटी मी ठरवलं. एकेक कशाला, उजव्या बाजूचे सगळे दात एकदमच काढून टाकायचे. वर-खाली मिळून जे उरले असतील ते. डॉक्टरांना निरोप पाठवला, त्यांनी सोमवारी या म्हणून सांगितलं. विरोध नाही, प्रश्न नाही.

रविवारी लक्ष्मव्वा आली. वहिनीनं तिलाही दारात बजावलं, पण ती कुणाचं ऐकते?

"समदे काढणार म्हणं?"

मी मान हलवली. होय.

ती पायरीवर बसली. तिचा भोंग्यासारखा आवाज एकदम खाली आला. "पोरी, एक सांगू का, रागावू नकोस. माझ्या सासूला असंच होतं. न्हाव्याकडून काढलं, वैदूकडून काढलं, एकबी दात ठेवला न्हाय. बोळकं झालं की गं तोंडाचं. तरी दुखत हुतं."

मी हातानं खूण केली, पुढे सांग.

"कुटं दुखत हुतं म्हणून इचारलं तर दात दाखवायची. दात कुटं हाय? नुस्ती हिरडी! तिथं बोट करायची आन म्हणायची, ही दाढ दुखती. मरेपत्तर गालाला हात लावू दिला न्हाय कुणाला."

मला बोलायचं नव्हतं, तरी मी बोलले, आणि झटका खात बोलले. "मग आजवर सांगितलं का नाहीस?"

लक्ष्मव्वा माझ्या नजरेला नजर देईना. "तू शिकल्याली. पत्रकात छापल्यालं. मी काय म्हणून सांगू? आन घोषणा तर मीच दिली की."

बोळक्या तोंडात दाढ दुखते. म्हणजे दाढ दुखत नाही. एवढं साधं गणित. ते मला जमलं नाही आणि निरक्षर लक्ष्मव्वाला जमलं होतं, आणि माझ्या शिक्षणाच्या दबावाखाली तिनं ते सात महिने पोटात ठेवलं होतं.

मग आठवली ती चिठ्ठी.

सिव्हिल

सोमवारी दातांच्या खुर्चीऐवजी मी सिव्हिलच्या बाकावर बसले. शेजारी वहिनी, पिशवीत संघटनेची फाइल. औषधाच्या विभागातले डॉक्टर तरुण होते. मी आत गेले तसं त्यांनी मला बसा म्हटलं नाही. नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले.

"तुमचा हात गालापासून एवढा लांब का?"

मला कळलं नाही. मी हात गालाजवळ धरला होता, टेकवला नव्हता. मध्ये चार बोटांचं अंतर.

ते म्हणाले, "दात दुखणारा माणूस गाल दाबून धरतो. दाबलं की त्याला बरं वाटतं. तुम्ही हात राखणीला ठेवलाय. कुणी हात लावू नये म्हणून."

मग वहिनीनं फाइल उघडून चिठ्ठी पुढे केली. त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. वरची तारीख पाहिली.

"ही तुम्हाला सात महिन्यांपूर्वी मिळाली?"

मी मान हलवली.

"यात सगळं लिहिलंय. दाढ निरोगी आहे. चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं असावं, तपासून औषध सुरू करावं. ज्यांनी लिहिलं त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं." त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं, जेवढं उघडलं तेवढं. आतल्या रिकाम्या जागा पाहिल्या. "मग हे दात कुणी काढले?"

"त्यांनीच."

"त्यांनी? हे लिहूनसुद्धा? का?"

माझ्या वतीनं ओरडायला लक्ष्मव्वा नव्हती तिथे. उत्तर मलाच द्यायचं होतं आणि त्याला मान हलवून भागणार नव्हतं.

"मी मागणी केली होती," मी म्हटलं.

झटका आला. मी टेबलाची कड धरली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि या वेळी ते सगळंच झटक्याचं नव्हतं.

गोळी

दहा दिवस वॉर्डात ठेवलं. त्यांनी आधी कापसाच्या टोकानं दोन्ही गाल तपासले, डोळे पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, डोक्याचा फोटो काढला. म्हणाले, या वयात हे दुखणं क्वचित होतं, म्हणून मागे दुसरं काही नाही ना याची खात्री करायची. नव्हतं.

गोळी दिली ती फिट येणाऱ्यांना देतात तीच. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं ते ऐकलं आणि आपली खाट हातभर लांब ओढून घेतली. "फीटवाली हाय गं ही," ती नातीला म्हणाली. मला हसू आलं. हसल्यावर झटका आला नाही! तिसरा दिवस होता तो.

गोळी अर्धीनं सुरू केली, हळूहळू वाढवली. डोकं गरगरायचं, चालताना भिंत धरावी लागायची, एकाच्या दोन सिस्टर दिसायच्या. दर दोन दिवसांनी रक्त. सिस्टरबाई म्हणायच्या, "कुरकुर करा हवी तेवढी, पण गोळी मनानं वाढवायची नाही आणि मनानं थांबवायची तर मुळीच नाही. अंगावर पुरळ आलं, ताप आला, घसा धरला, तर त्याच दिवशी इथे यायचं." हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण बरं वाटायला लागलं की सगळे पहिली चूक तीच करतात. मीही केली. घरी आल्यावर महिन्याभरानं दोन दिवस गोळ्या सोडून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी वीज हजर.

आता या दुखण्याची ओळख, जशी मला पटली तशी सांगते. किडलेली दाढ तासन् तास ठणकते, झोपू देत नाही. हे क्षणाचं असतं, विजेसारखं, आणि दोन झटक्यांमध्ये तुम्ही चक्क ठणठणीत असता. दाढ ठोकून दुखत नाही, पण पदर लागून दुखतं. बोलणं, चावणं, चूळ, वारा, कंगवा, असली निरुपद्रवी कामं त्याला जागं करतात. बहुतेक वेळा एकाच बाजूला असतं. असं असेल तर दात काढण्याआधी विचारा. आणि ज्यांनी आधीच काढले आहेत त्यांनी स्वतःला शिव्या देत बसू नये. मी देऊन पाहिल्या, दात परत उगवत नाहीत.

नाही म्हणणं

वॉर्डातून सुटल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या धर्मादाय दवाखान्यात गेले, क्षमा मागायला. घोषणा देणाऱ्या माणसाला क्षमेचं भाषण जमत नाही. मी दारात उभी राहून नुसतं म्हटलं, "तुमची चिठ्ठी बरोबर होती."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "माहीत आहे मला."

"मग पुढचे तीन का काढलेत? तेव्हा तर घेराव नव्हता."

मला वाटलं ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्चीकडे हात केला. "तुमच्या पत्रकानंतर मी नाही म्हणायचं सोडलं. बाई येते, बोट दाखवते, मी काढतो. आरसा घालून काय करू? चांगला निघाला तर तो दात वाचवायची माझी हिंमत नाही. तुम्ही एकट्या नाही आहात."

तुम्ही एकट्या नाही आहात. माझ्या झटक्यांनी मला जेवढं हादरवलं नव्हतं तेवढं या चार शब्दांनी हादरवलं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले. समोर रांगेत आमच्याच बायका, गाल धरून, पदर तोंडाशी लावून. माझं पत्रक अजून चालू होतं. गोळीनं माझं दुखणं थांबलं होतं, पण पत्रकाला गोळी नव्हती.

संघटनेच्या चिटणीसांना म्हटलं, दुसरं पत्रक काढू. ते म्हणाले, "मागणी मागे घेणारी संघटना कुठे पाहिलीस? मालक पोट धरून हसतील. तुझ्या तोंडाचं झालं ते वाईट झालं, पण संघटनेचं तोंड काळं करू नकोस."

मी माझ्या नावानं काढलं. संघटनेचं नाव नाही, घोषणा नाही. 'मी चुकले' हा मथळा. छापखानेवाल्यानं दोनदा विचारलं, हेच छापायचं ना? डॉक्टरांना आधी वाचायला दिलं. त्यांनी एक ओळ खोडली. 'डॉक्टर म्हणतील ते ऐका' असं मी लिहिलं होतं. त्याजागी त्यांनी लिहिलं, 'डॉक्टर नाही म्हणाले तर का ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.'

पत्रक वाटायला मी त्यांच्याच रांगेत उभी राहिले. बऱ्याचजणींना वाचता येत नव्हतं, म्हणून बोलून सांगत होते. बोलता येत होतं!

रेणुका म्हणून एक विडीवाली खुर्चीत बसली होती. वरच्या दाढेकडे बोट करून म्हणाली, काढा. डॉक्टरांनी हत्याराकडे हात नेला, मग थांबले. आरसा उचलला. ठोकलं. डोळ्याखाली अंगठ्यानं दाबलं तशी ती कळवळली. सर्दी किती दिवस झाली ते विचारलं.

"दाढ चांगली आहे," ते म्हणाले. "सर्दी गालाच्या हाडात साठलीय. दाढ काढणार नाही. नाही."

रेणुका उठली ती सरळ माझ्याकडे आली. तिच्या आईनं त्या घेरावात सूप मांडीवर घेऊन घोषणा दिल्या होत्या.

"अक्का, ऐकलंस का? न्हाय म्हणतो! आमी हक्कानं आलो तर न्हाय म्हणतो! आन तू गप उभी? डॉक्टरला फितूर झालीस व्हय गं?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

"झाले म्हण," मी म्हटलं. "पण दात ठेव."